हूवर धरणावर आरव्ही नेता येते, पण 'तासभर' म्हणून नेऊ नका

प्रश्न थोडक्यात असा आहे: थँक्सगिव्हिंगच्या आठवड्यात लास व्हेगासहून २८ फुटी आरव्ही, म्हणजे चाकांवरचं घर, भाड्याने घेऊन ग्रँड कॅनियनच्या साउथ रिमला, म्हणजे दक्षिण कड्याला, जायचंय. बरोबर सात आणि अकरा वर्षांची मुलं, आणि साताऱ्याहून आलेले आई-बाबा. बाबा पाटबंधारे खात्यातून निवृत्त, नोकरीची काही वर्षं कोयनेवर गेलेली. आईंचे गुडघे कुरकुरतात. वाटेत तासभर थांबून कोलोरॅडो नदीवरचं हूवर धरण उरकता येईल का, आरव्ही आत सोडतात का, टूरचे पैसे वसूल होतात का?

आरव्ही सोडतात. टूर घ्या, निदान बाबांसाठी तरी घ्याच. 'तासभर' मात्र डोक्यातून काढून टाका. धरणांची तपासणी हा माझा पोटापाण्याचा उद्योग, आणि सुट्टीत घर चाकांवर घालून हिंडायची घरच्या सगळ्यांना सवय. या दोन्ही नात्यांनी सांगतो, की आरव्हीचा खरा उपयोग धरण जाता-जाता बघायला होत नाही. आदल्या रात्री तलावाकाठी मुक्काम करून सकाळी पहिल्या गर्दीच्या आत पोचायला होतो. हे एवढं जमवलंत, तर बाकीच्या बहुतेक अडचणी आपोआप सुटतात.

वार आधी ठरवा. थँक्सगिव्हिंगच्या गुरुवारी व्हिजिटर सेंटर आणि टूर बंद असतात, आणि शुक्रवारी अख्खं व्हेगास धरणावर लोटतं. मंगळवार-बुधवार बघा. व्हेगासहून धरण ५० किलोमीटरच्या आसपास आहे, त्यामुळे आरव्ही ताब्यात घेतली, किराणा भरला, की दुपारी थेट धरणाच्या तलावाच्या, म्हणजे लेक मीडच्या, काठी बोल्डर बीचला जाऊन टेका. तिथे नॅशनल पार्क सर्व्हिसचं साधं कॅम्पग्राउंड आहे, त्यात हुकअप, म्हणजे गाडीला लावायच्या जोडण्या, नाहीत. शेजारीच आरव्ही पार्क आहे, त्यात वीज, पाणी आणि सुएर (सांडपाण्याची जोडणी) तिन्ही मिळतं. आई-बाबा बरोबर असताना आणि गाडी नवखी असताना मी डोळे झाकून हुकअपवालं घेईन. नोव्हेंबरअखेर तिथे साडेचारच्या सुमाराला सूर्य मावळतो. पहिल्यांदाच आरव्ही लेव्हल करणं, सुएरची नळी जोडणं ही कामं टॉर्चच्या उजेडात करायची वेळ आणू नका.

स्वयंपाकाचं एक सांगून टाकतो, कारण पहिल्या संध्याकाळी हे होतंच होतं. आरव्हीतला स्मोक अलार्म आणि आपली फोडणी यांचं जमत नाही. छत डोक्याला लागेल इतकं खाली, अलार्म स्टोव्हपासून दोन हातांवर. मोहरी तडतडून मिरची पडली की तो असा किंचाळतो की शेजारच्या गाडीतून माणसं बाहेर येतात. आधी छतावरचा पंखा लावा, त्याच्या समोरची खिडकी उघडा, मगच तेल तापत ठेवा. अलार्मची बॅटरी काढून ठेवण्याचा शहाणपणा कुणी सुचवला तर ऐकू नका. गाडीत प्रोपेन गॅसची टाकी आहे. आणि ३० ॲम्पच्या जोडणीवर एसी चालू असताना मायक्रोवेव्ह लावलात तर ब्रेकर पडणार. ब्रेकरचा डबा कुठे आहे ते गाडी ताब्यात घेतानाच विचारून घ्या.

आता धरणावर जायचा रस्ता. आय-११ वरून हूवर डॅमची एक्झिट घ्यायची, पुढे नेवाडा १७२ हा रस्ता खाली धरणाकडे उतरतो. ही एक्झिट चुकली तर तुम्ही सरळ मोठ्या पुलावर चढता आणि ॲरिझोनात जाऊनच वळता येतं. पुलावरून जाताना धरण दिसेल असं वाटतं, पण कठडे इतके उंच आहेत की गाडीत बसून काहीही दिसत नाही. हा पूल २०१० साली खुला झाला. त्याआधी यूएस-९३ चा सगळा ट्रॅफिक धरणाच्या माथ्यावरून जायचा.

उताराआधी सुरक्षा तपासणीचा नाका लागतो. आरव्हीला तिथे बाजूला घेऊन आत बघतात, कधी बाहेरचे सामानाचे कप्पे उघडायला लावतात. पाच-दहा मिनिटांचं काम असतं, लोक सभ्य असतात. बंदूक चालत नाही. व्हिजिटर सेंटरमध्ये चाकू नेता येत नाही, खाणंपिणंही नाही, पाण्याची बाटली चालते. तेव्हा आईंच्या पिशवीतली फळं कापायची सुरी आठवणीने गाडीत ठेवा. नाक्यापुढे वळणं घट्ट आहेत. ब्रेकवर पाय दाबून धरू नका, गिअर खाली आणा.

पार्किंगची खरी गोम अशी: व्हिजिटर सेंटरजवळ, नेवाडाच्या बाजूला, बहुमजली पार्किंग आहे. तिथे आरव्ही लावता येत नाही. तुम्ही माथ्यावरून धरण ओलांडायचं आणि ॲरिझोनाच्या बाजूच्या उघड्या लॉटमध्ये गाडी लावायची. म्हणजे तुम्ही घर घेऊन धरणावरून जाता, मुलांना हे फार आवडतं. माथ्यावर थांबून मात्र कुणाला उतरवता येत नाही. लॉटपासून परत व्हिजिटर सेंटरपर्यंत चालावं लागतं. नुसता माथाच ३७९ मीटर लांब आहे, वर लॉटपासूनचा उतार. माथा सपाट आहे, फुटपाथ चांगला आहे, पण कुरकुरणाऱ्या गुडघ्यांना जाऊन-येऊन हे अंतर जाणवेल. घडीची व्हीलचेअर बरोबर ठेवा. आई 'मला कशाला ती' म्हणतील, तरी ठेवा. सकाळी लवकर गेलात तर लॉटमध्ये धरणाजवळची जागा मिळते आणि चाल कमी होते. हेही आदल्या रात्री जवळ राहण्याचं एक कारण.

दोन्ही बाजूंच्या इनटेक टॉवरांवर, म्हणजे तलावातलं पाणी आत घेणाऱ्या मनोऱ्यांवर, घड्याळं आहेत, एकावर नेवाडाची वेळ, दुसऱ्यावर ॲरिझोनाची. ॲरिझोना उन्हाळ्यात घड्याळ पुढे करत नाही, त्यामुळे उन्हाळ्यात दोन्हींत सारखेच वाजतात आणि लोक बुचकळ्यात पडतात. तुम्ही जाल तेव्हा तासाचा फरक असेल. पुढच्या मुक्कामाची वेळ ठरवताना तो तास धरा. धरण ओलांडलं की तो गेला.

टूर दोन आहेत. पॉवर प्लँट टूरची तिकिटं आधी ऑनलाइन काढता येतात. गाइडेड डॅम टूरची तिकिटं तिथेच, येईल त्याला या न्यायाने मिळतात आणि गर्दीच्या दिवशी लवकर संपतात. दोन्हींत लिफ्टने खडकाच्या पोटात १६० मीटर खाली नेतात. तिथून बोगद्यातून चालत तुम्ही एका सज्जावर येता, आणि पायाखाली ३० फूट व्यासाचा पोलादी पेनस्टॉक, म्हणजे जनित्रांकडे पाणी नेणारा नळ, असतो. तिथे क्षणभर गप्प उभे राहा. पाणी दिसत नाही, पण त्याची थरथर तळपायांतून पोटऱ्यांपर्यंत चढते. लहान मुलं तिथे हमखास खाली बसून जमिनीला हात लावतात. पुढे नेवाडा बाजूचे आठ जनित्र संच ओळीने दिसतात. ॲरिझोना बाजूचे नऊ धरून एकूण १७, क्षमता २०८० मेगावॉट. बाबा लगेच म्हणतील की कोयनाही १९६० मेगावॉट आहे. बरोबर आहे त्यांचं.

डॅम टूरमध्ये याखेरीज धरणाच्या अंगातल्या तपासणी गॅलऱ्यांत नेतात. बाबांना तिकडेच पाठवा, मोठ्या मुलीला त्यांच्याबरोबर द्या. अरुंद बोगद्यात जीव घाबरणाऱ्यांनी जाऊ नये, आणि पेसमेकर असलेल्यांनीही टाळावं अशी सूचना असते, तेव्हा बाबांचं तेवढं आधी बघा. आई, धाकटा आणि तुम्ही दोघांपैकी एकजण पॉवर प्लँट टूर करून वर या, बाकीचा वेळ प्रदर्शनात घालवा. तिघांना-तिघांना वाटून जाणं सगळ्यांनी एकत्र फरफटण्यापेक्षा बरं.

आता बाबांचा विषय. पाटबंधारे खात्यातल्या माणसाला तिथे पहिला धक्का बसतो तो दरवाज्यांचा. आपल्याकडे धरण बघायला जायचं म्हणजे ऑगस्टमध्ये, कोयनेचे वक्री दरवाजे उचललेत अशी बातमी आली की. इथे ते दृश्य नाही. हूवरच्या सांडव्यांवरून पाणी गेलं ते १९४१ साली चाचणीत आणि १९८३ च्या पुरात. ॲरिझोना बाजूचा सांडवा तुमच्या लॉटकडे जाताना रस्त्यावरूनच दिसतो, कोरडा ठणठणीत. त्या भल्यामोठ्या चरातून पाणी ५० फूट व्यासाच्या तिरप्या बोगद्यात कोसळून खाली नदीत निघावं अशी रचना आहे. बाबांना तिथे नीट थांबू द्या.

असं का, याचं उत्तर आकड्यांत आहे, आणि ते टीएमसीत (अब्ज घनफुटांत) सांगितलं की बाबांना एका वाक्यात कळेल. लेक मीड पूर्ण भरला तर ११०० टीएमसीच्या वर पाणी मावतं, म्हणजे १०५ टीएमसीच्या दहा कोयना. पण अख्ख्या कोलोरॅडो नदीचं अमेरिकेतल्या राज्यांना झालेलं वाटप आहे वर्षाला दीड कोटी एकर-फूट, म्हणजे साधारण ६५० टीएमसी. कृष्णेचं पाणी राज्यांत वाटणाऱ्या बच्छावत लवादाने धरलेलं पाणी २०६० टीएमसी होतं. नदी कृष्णेच्या मानाने लहान, आणि तिच्यावरचं भांडं मात्र तिच्या पावणेदोन वर्षांच्या पाण्याएवढं. कोयना दर पावसाळ्यात भरते म्हणून दरवाजे उचलावे लागतात. हे भांडं दरवर्षी भरावं म्हणून बांधलेलंच नाही. चांगल्या वर्षांचं पाणी वाईट वर्षांसाठी धरून ठेवायला ते बांधलं.

वाईट वर्षं आलीसुद्धा. २००० साली तलाव जवळपास भरलेला होता, जुलै २०२२ मध्ये पातळी सुमारे १७० फूट खाली उतरून १९३० च्या दशकात तलाव भरत होता त्यानंतरच्या नीचांकाला पोचली. खडकांवर जो पांढरा पट्टा दिसतो तो या उतरलेल्या पाण्याने मागे ठेवलेल्या क्षारांचा. अलीकडची वर्षं तलाव एक तृतीयांशाच्या आसपास राहिला आहे. तरीही तो तीन कोयनांएवढा आहे, हे विसरू नका. दुष्काळ हे एक कारण. दुसरं कारण १९२२ च्या करारात आहे. तेव्हा वाणिज्यमंत्री असलेले हर्बर्ट हूवर यांच्या अध्यक्षतेखाली सात राज्यांच्या वरच्या आणि खालच्या अशा दोन गटांत पाणी वाटलं गेलं, ते आधीच्या ओल्या वर्षांच्या मोजमापावर. बच्छावत लवादाने ७५ टक्के विश्वासार्हतेचं पाणी धरलं होतं, म्हणजे चारांतली तीन वर्षं मिळेलच एवढं. इकडे नदीत नव्हतंच तेवढं कागदावर वाटून टाकलं, वर १९४४ च्या तहाने मेक्सिकोचा वाटा आला. आपले लवाद वर्षानुवर्षं रेंगाळतात म्हणून आपण त्यांना नावं ठेवतो, पण या एका बाबतीत मी बच्छावतांच्या बाजूने आहे. बाबांनी कृष्णेवरच्या कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाचा विषय काढला तर जेवायला उशीर होईल, एवढं लक्षात ठेवा.

बांधकामाचं म्हणाल, तर माथ्यावरून खालच्या अंगाला वाकून बघा आणि मग उजवी-डावीकडचे कडे बघा. माथ्यावर भिंत १४ मीटर जाड आहे, पायात २०१ मीटर, उंची २२१ मीटर. एवढं वजन असून शिवाय ती तलावाच्या बाजूला कमानीसारखी वाकवलेली आहे, म्हणजे पाण्याचा काही रेटा दोन्ही कड्यांवर ढकलला जातो. कोयना सरळ आहे, सगळं स्वतःच्या वजनावर. भाक्रा हूवरपेक्षा पाचएक मीटर उंच आणि तीही वजनावर उभी. कमान हवी तर आपल्याकडे केरळात इडुक्कीला जावं लागतं.

काँक्रीट घट्ट होताना तापतं. एवढा ढीग एकसंध ओतला असता तर तो निवायला सव्वाशे वर्षं लागली असती, असा तेव्हाच्या इंजिनिअरांचा हिशेब होता, आणि निवताना तो फुटला असता. म्हणून पाच-पाच फूट उंचीचे ठोकळे ओतत गेले आणि त्यांत एक इंची नळ्या घालून त्यांतून थंड पाणी फिरवलं. नळ्यांची एकूण लांबी ५८२ मैल. काँक्रीट निवलं की नळ्याच ग्राउटने (सिमेंटच्या पातळ मिश्रणाने) भरून टाकल्या, त्या अजून आत आहेत. पहिलं काँक्रीट जून १९३३ मध्ये पडलं, शेवटचं मे १९३५ मध्ये. कोयनेत मोठे दगड घातलेलं रबल काँक्रीट वापरलं होतं. दोन्हींतला फरक बाबा तुम्हाला माझ्यापेक्षा चांगला सांगतील. त्यांना ११ डिसेंबर १९६७ चंही विचारा. कोयनेच्या भूकंपाने धरणाच्या वरच्या भागात, जिथे उतार एकदम बदलतो तिथे, तडे गेले आणि पुढे धरण मजबूत करावं लागलं. तलाव भरल्यावर भूकंप जाणवू लागण्याची जगातली सुरुवातीची नोंदलेली घटना लेक मीडचीच, १९३० च्या दशकातली. तिथले धक्के कोयनेच्या मानाने लहान होते. गाइड हे सहसा सांगत नाहीत.

मुलं विचारतील, धरणात माणसं पुरली आहेत का. नाहीत. बांधकामावर अधिकृत नोंदीप्रमाणे ९६ कामगार गेले. दोऱ्यांना लटकून कडे तासणारे 'हाय स्केलर' त्यांत होते, आणि डांबरात बुडवून कडक केलेल्या कापडी टोप्या डोक्यावर घालायची शक्कल याच कामगारांची. पण बादलीतून एका वेळी पडणारं काँक्रीट ठोकळ्यात काही इंचच चढायचं. त्यात माणूस बुडून दिसेनासा होणं शक्य नव्हतं, आणि कुठल्याही इंजिनिअरने भिंतीत अशी पोकळी राहू दिली नसती.

नेवाडा बाजूला ऑस्कर हॅन्सनचे दोन पंखवाले ब्राँझचे पुतळे आहेत. त्यांच्या पायांची बोटं चोळली की नशीब उघडतं अशी समजूत, त्यामुळे अंग हिरवट काळं आणि बोटं तेवढी पितळेसारखी चकचकीत. आईंना तिथे समजावून सांगावं लागत नाही. त्या आपणहून वाकून हात लावतात आणि तो कपाळाला नेतात. मागचे अमेरिकन पर्यटक मग बोटं चोळायच्या ऐवजी तसंच करून बघतात. पुतळ्यांसमोरच्या फरशीत ताऱ्यांचा नकाशा कोरला आहे, त्यावरून धरणाच्या लोकार्पणाची तारीख काढता येते. फ्रँकलिन रूझवेल्टनी ते ३० सप्टेंबर १९३५ ला केलं.

धरणाचा सगळ्यात चांगला फोटो धरणावरून येत नाही, पुलावरून येतो. नाक्याच्या आत, खाली उतरण्याआधी, पुलाकडे जाणारी वाट आहे. पायऱ्यांखेरीज उताराचा रॅम्पही आहे. पुलाचा पदपथ धरणाच्याच बाजूला आहे, नदीपात्रापासून २७० मीटर उंचीवर. ट्रक गेला की पूल हलतो, वारा भणाणतो. बाबांची टोपी सांभाळा. आईंचे पाय टूरनंतर दमले असतील तर हा भाग त्यांच्यासाठी सोडून द्या. त्यापेक्षा बोल्डर सिटीतल्या हेमनवे पार्कमध्ये न्या. डोंगरातली बिगहॉर्न मेंढरं तिथे हिरवळीवर चरायला उतरतात, बाकावर बसल्या-बसल्या दिसतात. बोल्डर सिटी मुळात धरणाच्या कामगारांसाठी वसवलेलं गाव, व्हेगास इतकं जवळ असूनही तिथे जुगाराला बंदी आहे.

निघताना लक्षात ठेवा: ॲरिझोना बाजूच्या लॉटमधून पुढे यूएस-९३ ला रस्ता जोडलेला नाही. परत धरण ओलांडून नेवाडात वर या, मग हायवे घ्या आणि पुलावरून ॲरिझोनात जा. किंगमनला पेट्रोल भरा, तिथून आय-४० ने विल्यम्स आणि उत्तरेला ६४ नंबर. नकाशा साध्या गाडीने चार तास दाखवेल, आरव्हीला पाच धरा. किंगमनपासून चढ आहे आणि वारा आडवा लागतो. धरणावरून दुपारी दोननंतर निघणार असाल तर साउथ रिमपर्यंत दामटू नका, विल्यम्सला रात्र काढा. एल्क, म्हणजे सांबरासारखी मोठी हरणं, अंधारात रस्त्यावर येतात.

विल्यम्स असो वा साउथ रिम, तुम्ही सात हजार फुटांच्या आसपास असाल, आणि नोव्हेंबरअखेर रात्री पारा शून्याखाली जातो. झोपण्याआधी पाण्याची टाकी भरून घ्या, बाहेरची पाण्याची नळी नळावरून काढून, पाणी झटकून आत ठेवा, हीटर चालू ठेवा आणि सिंकखालच्या कपाटाची दारं उघडी ठेवा, म्हणजे गरम हवा पाइपांपर्यंत पोचते. प्रोपेन किती उरलाय ते संध्याकाळीच बघा. पहाटे चहाच्या वेळी गॅस संपला तर आई-बाबा काही बोलणार नाहीत, पण मुलांसमोर कोयना कॉलनीतल्या बंबाची आठवण निघेल.